लॅपटॉप तापतोय? आधी बाहेर पडणारी हवा तपासा

लॅपटॉप तापतो असं कुठे बोललात की चार जण चार उपाय सांगतात. खाली दोन पंख्यांचं कूलिंग पॅड घ्या, रॅम साफ करणारं सॉफ्टवेअर टाका, विंडोज नव्याने चढवा, टेबल फॅनसमोर धरा. यातल्या बहुतेकांनी खालचं झाकण उघडून आत कधी पाहिलेलं नसतं. दोन-तीन वर्षं वापरलेला लॅपटॉप अचानक जास्त तापायला लागला, तर कारण बहुधा दोनच जागी सापडतं: पंखा आणि फिन्स (हवा बाहेर पडते तिथली पातळ धातूच्या पत्र्यांची रांग) यांच्या मधोमध बसलेली धूळ, नाहीतर प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूत पोचवणारं मलम. दोन्हींपैकी कोणतं, याचा अंदाज झाकणाला हात न लावताही येतो. लोक तेवढंच करत नाहीत आणि थेट पॅड मागवतात.

मांडीला चटका बसणं हे मोजमाप नव्हे. एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, यांपैकी फुकट मिळणारं एक टूल घाला आणि प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा बघा. काही चालू नसताना ४० ते ५५ अंश सेल्सिअस आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट किंवा गेम चालू असताना ८० ते ९० असेल, तर काळजीचं कारण नाही. सडपातळ लॅपटॉप असेच चालतात. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या अनेकांची ९५. तिथे पोचला की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो, आणि त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. त्यामुळे प्रोसेसर जळेल ही भीती सोडा. त्रास होतो तो वेगाचा, पंख्याच्या आवाजाचा आणि शेजारी बसलेल्या बॅटरीचा.

आता पाच-दहा मिनिटं जड काम द्या, आकड्यावर एक डोळा ठेवा आणि जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे हात धरा.

हवा चटका देणारी पण धार अगदी बारीक, आणि पंखा मात्र किंचाळतोय: मार्ग तुंबलाय, धूळ काढा. हवा जोरात येतेय पण नुसती कोमट, आणि स्क्रीनवर आकडा ९५: प्रोसेसरची उष्णता फिन्सपर्यंत पोचतच नाहीये, म्हणजे पेस्ट गेली किंवा हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता फिन्सकडे नेणारा धातूचा भाग, नीट टेकलेला नाही. हवा जोरात आणि चांगली गरम: कूलिंग आपलं काम करतंय, कामच जास्त आहे किंवा खोली तापलेली आहे. पंख्याचा आवाजच नाही: पंखा मेला, नवा टाका. घरघरणाऱ्या पंख्यात तेल सोडून काही दिवस काढता येतात, पण शेवटी पंखा घ्यावाच लागतो, मग आधीच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जाणार असाल तर मॉडेलच्या नावावर विसंबू नका. जुना पंखा काढून त्यावरचा पार्ट नंबर सोबत न्या.

काही न करता बसलेलं मशीनही तापत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या रकान्यात वर कोण बसलंय ते पाहा आणि त्याला बंद करा. बहुतेकदा ब्राउझर असतो. गादीवर, उशीवर, मांडीवरच्या शालीवर ठेवू नका. हवा खालून आत जाते. बॅगेत टाकण्याआधी नुसतं झाकण मिटू नका, शटडाउन किंवा हायबरनेट करा, कारण अलीकडचे बरेच लॅपटॉप झोपेतही अर्धे जागे असतात आणि बॅगेत तापत राहतात.

टर्बो, म्हणजे काम वाढलं की प्रोसेसर घेतो तो जादा वेग, बंद करणं हा एकच सॉफ्टवेअरचा उपाय मी मानतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्क्यांवरून ९९ वर आणा. एका टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण इंटेलच्या प्रोसेसरचा टर्बो तिथे बंद होतो. आय५-८२५०यू घ्या: टर्बोत ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा हा प्रोसेसर मग १.६ च्या आसपास राहतो. पत्रं, एक्सेल, व्हिडिओ कॉल यांना तेवढं पुरतं आणि आकडा चांगलाच उतरतो. काही नव्या मशीनवर हा पर्याय दिसतच नाही. तिथे कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला ‘सायलेंट’ किंवा ‘क्वाएट’ मोड वापरा.

आता झाकण. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, कंपनीकडेच द्या. टचपॅड वर आलाय, झाकण फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय असं काही असेल तर बॅटरी फुगली आहे. अशा वेळी चार्जर काढा, मशीन बंद करा आणि बाकी सगळं सोडून आधी बॅटरी बदलून घ्या. २०२० च्या एम१ पासूनच्या मॅकबुक एअरला पंखाच नाही, त्यांच्या मालकांनी पुढचं वाचायची गरज नाही.

एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तो तिथेच टोचून ठेवा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूड भोकात फिरवला तर तो वरच्या बाजूने बाहेर डोकावतो किंवा मदरबोर्डात (आतल्या मुख्य सर्किट बोर्डात) घुसतो. झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर सोडवणं. ते केल्याशिवाय कशालाही स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, यात सूट नाही. त्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवा.

धुळीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बाहेरच्या जाळीतून ब्लोअर मारून ती जात नाही. पंखा हवा आतून बाहेर ढकलतो, त्यामुळे तंतू फिन्सच्या आतल्या तोंडाशी अडकत जातात आणि तिथे गोधडीच्या ठिगळासारखा घट्ट थर बसतो. बाहेरून फुंकलं की तो थर थोडा मागे पंख्यावर सरकतो, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. पंख्याचं झाकण चार बारीक स्क्रूंवर किंवा काळ्या टेपवर असतं. ते उचला आणि थर चिमट्याने अख्खा ओढून काढा. नंतर ब्लोअर मारा, पण पाती बोटाने धरून. सुटा पंखा ब्लोअरच्या जोराने भिरभिरला की बेअरिंगवर ताण येतो आणि मोटर उलटी वीज तयार करते. ज्या घरात उदबत्ती रोज लागते किंवा लॅपटॉप स्वयंपाकघराजवळ असतो तिथली धूळ चिकट असते. तिला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला मऊ ब्रशच हलवतो.

हवेची धार बारीक असणं एवढीच तक्रार होती, तर इथेच थांबा. झाकण लावा, आकडा बघा. उगाच हीटसिंक उतरवू नका, कारण खरी कसोटी तिथून पुढे आहे.

पेस्ट बदलणं पाच मिनिटांचं काम आहे असं सांगणारे व्हिडिओ डेस्कटॉपवर केलेले असतात. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूची टोपी असते. लॅपटॉपमध्ये ती नसते, सिलिकॉनचा उघडा चकचकीत तुकडा वर असतो आणि त्याचे कोपरे दाबाने तुटतात. म्हणून हीटसिंकवर स्क्रूंच्या शेजारी कोरलेले १, २, ३, ४ हे आकडे पाळायचे. सोडवताना उलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा, फेऱ्या मारत. एक पूर्ण काढून मग दुसऱ्याकडे गेलात तर सगळा दाब एका कोपऱ्यावर येतो. उतरवण्याआधी मशीन पाच मिनिटं चालवून गरम करून घ्या, म्हणजे पेस्ट मऊ पडते. मग बंद करून बॅटरी सोडवा. हीटसिंक तरीही निघाला नाही तर किंचित डावीउजवीकडे हलवा. खाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. तांब्याची चपटी नळी आतून पोकळ असते, तिच्यातल्या थोड्याशा द्रवाची वाफ होऊन ती उष्णता वाहून नेते. नळी मुडपली की हीटसिंक गेला.

खाली चांदीसारखा पातळ चमकता द्रव दिसला तर थांबा. तो लिक्विड मेटल आहे. असूसच्या काही आरओजी लॅपटॉपमध्ये तो कारखान्यातूनच येतो. त्यातून वीज वाहते, एक थेंब मदरबोर्डावर सांडला तर शॉर्ट. त्यात गॅलियम असतं आणि ते ॲल्युमिनियम खातं. घरी स्वतःहून तो लावू नका, कुणी कितीही आकडे दाखवले तरी.

जुनी पेस्ट टिश्यू आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी असतं, ती नको. सुकलेला भाग जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने काढा, ब्लेडने नाही.

आता ज्याने मला सर्वात जास्त छळलं ते. नवी पेस्ट, नीट पुसलेला तुकडा, क्रमाने आवळलेले स्क्रू, आणि तरी आकडा आधीपेक्षा वर! दोष पेस्टचा नसतो. त्याच हीटसिंकखाली ग्राफिक्सच्या मेमरीवर आणि वीजपुरवठ्याच्या भागांवर रबरासारख्या मऊ थर्मल पॅडच्या पट्ट्या असतात. त्या ०.५, १, १.५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या जाडीच्या येतात. ०.५ च्या जागी १ ची पट्टी लागली की हीटसिंक तेवढा उचलला जातो आणि प्रोसेसरवर टेकतच नाही. मधली फट पेस्टने भरते, आणि जाड पेस्टमधून उष्णता नीट जात नाही. पातळ पट्टी लागली तर उलटं: प्रोसेसर थंड, मेमरी भाजतेय. म्हणून जुन्या पट्ट्या फाटल्या नसतील तर त्यांना हातही लावू नका. एखादी हीटसिंकला चिकटून वर आली तर तिची जागा लगेच फोटोत धरा. फाटलीच, तर तुमच्याच मॉडेलची जाडी शोधून मगच नवी आणा. ‘एक मिलिमीटरची सगळीकडे चालते’ म्हणणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून निघा. पट्टीच्या जागी पेस्टचा गोळा हाही उपाय नव्हे.

हीटसिंक टेकतोय की नाही हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. पेस्ट लावा, क्रमाने सगळे स्क्रू आवळा, आणि लगेच पुन्हा सगळं उतरवा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला सापडलेला नाही. तुकड्यावर आणि तांब्यावर पातळ, सारखा ठसा उमटला असेल तर ठीक. एका बाजूला जाड राहिली असेल किंवा मधोमध न दबलेला ढीग असेल तर कुठलीतरी पट्टी आडवी येतेय. ठसा पाहून झाला की पुसून पेस्ट पुन्हा लावायची. दबलेलीवरच परत बसवली तर हवा अडकते.

वाटाण्याएवढा थेंब मध्ये ठेवा हाही सल्ला टोपीवाल्या डेस्कटॉपचा. उघड्या सिलिकॉनचा एकही कोपरा कोरडा राहता कामा नये, म्हणून पेस्ट कार्डाने पसरून पातळ थर द्या. फार पातळ पेस्ट घेऊ नका: तापणं-निवणं चालू राहिलं की ती हळूहळू कडेला सरकते आणि काही महिन्यांत आकडा पुन्हा चढतो. घट्ट पेस्ट पसरवायला चिवट, पण टिकते. मी अलीकडे प्रोसेसरवर पेस्टच्या जागी हनीवेलची पीटीएम७९५० ही पट्टी वापरतो. खोलीच्या तापमानाला ती घन असते, साधारण ४५ अंशांना मऊ होऊन बसते आणि कडेला सरकत नाही. कापण्याआधी फ्रीजमध्ये ठेवली तर कागद सहज सुटतो. पहिल्या दिवशीचा आकडा बघून नाराज होऊ नका, काही वेळा तापून निवल्यावर ती नीट बसते.

उलट क्रमाने सगळं जोडा. पंख्याचं कनेक्टर विसरू नका. बॅटरी शेवटी.

तेच जड काम पुन्हा द्या आणि हवेला हात लावा. धार जोरात आणि गरम हवी. बाहेर येणारी हवा आधीपेक्षा गरम लागली तर ते चांगलं लक्षण आहे, उष्णता प्रोसेसरमधून निघून बाहेर पडते आहे.

नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या मंडळींसाठी वेगळं सांगतो. खोलीचं तापमान २५ वरून ४० वर गेलं की प्रोसेसरचा आकडाही साधारण तेवढाच वर सरकतो, पेस्ट कितीही चांगली असो. ॲपल आपल्या मॅकबुकसाठी वापराची मर्यादा ३५ अंश सांगते, आणि मे महिन्यात दुपारी घरात त्याहून जास्त असतं. त्या महिन्यात टर्बो बंदच ठेवा आणि जड एक्स्पोर्ट रात्री लावा. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप नको, थेंब उडतात.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर दुकानात द्या, पण ‘सर्व्हिसिंग करा’ एवढंच म्हणू नका. त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी बाहेरून ब्लोअर मारणं असाच होतो. हीटसिंक उतरवणार का, पेस्ट कोणती लावणार, पट्ट्या तशाच ठेवणार का, एवढं विचारा. देण्याआधी जड कामातला आकडा फोनवर फोटो काढून ठेवा. परत घेताना काउंटरवरच तेच काम पाच मिनिटं चालवा, आकडा फोटोशी ताडून पाहा आणि मगच पैसे द्या.