पाळी गेल्यावर पॅप स्मिअर: काय करायचं, काय विचारायचं

पाळी गेली, आता खालची तपासणी कशाला, असं म्हणून कितीतरी जणी पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी ब्रशने घेऊन तपासायची टेस्ट) सोडून देतात. असं करू नका. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या संबंधांतून पसरणाऱ्या व्हायरसमुळे होतो आणि लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला 15-20 वर्षं लागू शकतात, त्यामुळे आता संबंध नसले तरी धोका संपलेला नसतो.

पिशवी काढली असेल तर ऑपरेशनचे कागद बघा. तोंडही काढलंय आणि आधी कधी गंभीर बदल किंवा कॅन्सर नव्हता, तर टेस्ट नको. तोंड ठेवलं असेल तर इतरांसारखीच टेस्ट करायची.

टेस्टच्या आधी 2 दिवस संबंध, योनीत लावायचं क्रीम, आतून धुणं हे सगळं बंद. आता त्रासाचं बोलू, कारण बऱ्याच जणी त्यालाच घाबरून जात नाहीत. इस्ट्रोजेन कमी झालं की आतली त्वचा पातळ, कोरडी होते, म्हणून दुखतं, थोडं रक्तही येऊ शकतं. डॉक्टरांना आधीच सांगा की मला कोरडेपणा आहे, लहान स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून घालतात ते साधन) वापरा, हे मागण्यात लाजायचं काहीच नाही, आणि दुखलं तर थांबा म्हणा. पेशी जिथून घ्यायच्या ती जागाही या वयात आत सरकते म्हणून ब्रश आतपर्यंत फिरवावा लागतो.

याच कोरडेपणामुळे रिपोर्ट कधी 'अनसॅटिस्फॅक्टरी' (म्हणजे पेशी नीट तपासता आल्या नाहीत) येतो, कधी उगाच संशयास्पद दिसतो. लगेच कॅन्सर समजू नका. डॉक्टर काही आठवडे योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देऊन परत टेस्ट करतात, किंवा एचपीव्ही टेस्ट (तो व्हायरस आहे का ते बघायची) सांगतात. ब्रेस्ट कॅन्सर झालेला असेल तर क्रीमआधी ते नक्की सांगा. रिपोर्टवर 'एचएसआयएल' (म्हणजे पेशींत गंभीर बदल) असेल तर मात्र पुढे ढकलू नका, कॉल्पोस्कोपी (गर्भाशयाचं तोंड भिंगातून बघायची तपासणी) लागते.

साधारणपणे पॅप दर 3 वर्षांनी, किंवा एचपीव्ही टेस्ट दर 5 वर्षांनी. अमेरिकन गाइडलाइन्सप्रमाणे 65 नंतर थांबता येतं, पण मागच्या 10 वर्षांत सलग 3 पॅप किंवा 2 एचपीव्ही टेस्ट नॉर्मल असतील तरच, आणि शेवटची 5 वर्षांच्या आतली हवी. आधी कधी टेस्टच केली नसेल तर 65 हा आकडा तुमच्यासाठी नाही, आता करून घ्या.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी मागचा पॅप नॉर्मल होता म्हणून थांबू नका, पॅपमध्ये पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर भरवशाने कळत नाही, त्यासाठी सोनोग्राफी किंवा अस्तराची बायोप्सी लागते, लगेच डॉक्टरकडे जा.