बोंडअळीच्या मोजणीवर ऑर्थोगोनल बहुपदी लावताय? या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला घरच्या वावरातले आकडे घ्यायचे तर विदर्भात पऱ्हाटीसारखा (कपाशीसारखा) विषय नाही. कामगंध सापळ्यात रात्रीत किती पतंग सापडले, फोडलेल्या बोंडांपैकी किती किडकी निघाली, हे सगळे मोजलेले आकडे. ०, १, २, ३. मधलं काही नाही. गणित बहुतेक वेळा इथेच फसतं.

सवयीने हर्माइट लावणे. ऑर्थोगोनल बहुपदी म्हणजे ज्यांतल्या कुठल्याही दोन वेगळ्या गुणून, प्रत्येक आकड्याला त्याच्या संभाव्यतेचा भार देऊन सरासरी काढली की शून्य येतं. हर्माइट बहुपदी नॉर्मल वक्रासाठी, सलग किमतींच्या इंटिग्रलवर चालणाऱ्या. मोजणीला बेरीज लागते आणि भार प्वासाँचा, म्हणजे मोजलेल्या आकड्यांच्या नेहमीच्या संभाव्यता वितरणाचा. सापळ्यात सरासरी ४ पतंग येतात असं धरा. प्रत्येक आकड्यातून ४ वजा करून २ ने भागा, मग वर्ग वजा १ ही दुसरी हर्माइट घ्या आणि पहिलीशी गुणा. प्वासाँ भाराने सरासरी काढली की शून्य येत नाही, ०.५ येते. म्हणजे ऑर्थोगोनल म्हणायची सोयच नाही. इथे लागते ती शार्लिए बहुपदी. तिची पहिली पायरी १ − क्ष/४; क्ष म्हणजे मोजलेला आकडा.

व्हेरियन्स (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) न बघणे. किडी विखुरलेल्या नसतात, पुंजक्याने येतात. सरासरी ४ आणि व्हेरियन्स १२ निघत असेल तर प्वासाँ सोडा, कारण त्यात दोन्ही सारखे असतात. ऋण द्विपद भार (निगेटिव्ह बायनॉमियल) आणि त्याच्या माइक्सनर बहुपदी घ्या. त्यांना दोन प्राचल, म्हणजे ठरवून द्यायचे आकडे, लागतात. गुणोत्तर १ − ४/१२ = २/३, दुसरा प्राचल १६/(१२ − ४) = २. एवढ्या हिशेबाला कॅल्क्युलेटरही लागत नाही, तरी सगळ्यात जास्त टाळला जातो तो हाच.

क्रावचुकमधले तीन घोळ. पाहणीत २० हिरवी बोंडं फोडतात आणि त्यातली २ किडकी निघाली, म्हणजे १० टक्के, की फवारणीचा विचार सुरू होतो. भार द्विपद (बायनॉमियल), म्हणून १९२९ साली क्रावचुक यांनी मांडलेल्या बहुपदी.

बोंडं २०, पण शक्य आकडे ० ते २०, म्हणजे २१. त्यामुळे बहुपदी घात ० ते २० पर्यंतच. २१ वा घात मागितला तर ती बहुपदी जिने काढतात त्या हायपरजॉमेट्रिक श्रेणीच्या छेदात शून्य येतं आणि प्रोग्राम बोंबलतो. दोष प्रोग्रामचा नाही. त्या २१ बिंदूंवर शून्य होणारी २१ व्या घाताची बहुपदी असतेच, तिची लांबी, म्हणजे वर्गाची भारित सरासरी, शून्य.

दुसरा घोळ संभाव्यतेचा. किडक्याची ०.१ द्यायची तिथे निरोगीची ०.९ दिली जाते. तपासणी सोपी: पहिली बहुपदी १ − क्ष/२ यायला हवी, म्हणजे २ बोंडांवर शून्य. ती १८ वर शून्य होत असेल तर अदलाबदल झाली. तिच्या वर्गाची सरासरी ०.४५ येते का, तेही बघा.

तिसरा घोळ पुस्तकांचा. द्विमान (० आणि १ च्या) कोडच्या पुस्तकात पहिली बहुपदी २० − २क्ष अशी असते. तिथे संभाव्यता १/२ गृहीत आहे आणि शून्यावर किंमत १ नव्हे, २० येते. दोन पुस्तकांतली सूत्रं एका पानावर मिसळू नका.

श्रेणी थेट बेरजेने काढणे. पदं आलटून पालटून धन-ऋण असतात, आणि मोठ्या घाताला मोठ्या आकड्यांतून मोठे आकडे वजा होऊन हाती कचरा उरतो. तीन पदांचं आवर्तन सूत्र, म्हणजे मागच्या दोन बहुपदींवरून पुढची काढणारं, वापरा. क्रावचुकच्या श्रेणी रूपात घात आणि क्ष यांची अदलाबदल केली तरी किंमत तीच राहते. म्हणून घात क्ष पेक्षा मोठा असेल तर अदलाबदल करून छोट्या बाजूने गणित करा.

लागेरशी (आणखी एक ऑर्थोगोनल बहुपदी, सलग किमतींसाठीची) नातं जोडताना. शार्लिए बहुपदी लागेर बहुपदीतून मिळते, हे खरं. पण तिथे लागेरच्या वरच्या प्राचलात 'क्ष वजा घात' बसतो, आणि लागेरच्या स्वतःच्या चलाच्या जागी सरासरी जाते. प्राचल स्थिर धरून पाठ केलेली लागेरची ऑर्थोगोनॅलिटी इथे लागू करता येत नाही. शिवाय क्ष घातापेक्षा लहान असला की प्राचल −१ किंवा त्याखाली जातो आणि काही लायब्रऱ्या सरळ नकार देतात. मग तिथे आवर्तन सूत्रच वापरावं.