मराठीतला अर्ज आणि त्याची पोच

गोव्यात मराठीच्या हक्कांसाठी काही करायचे ठरले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रथम पणजीचे आझाद मैदान येते. मेळावा, फलक, ठराव, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले छायाचित्र आणि मग पुढल्या २७ फेब्रुवारीपर्यंत सामसूम, असा आमच्याकडचा नेहमीचा क्रम आहे. मेळावे होऊ नयेत असे मी म्हणणार नाही, कारण त्यांत मीही सतरंज्या घातल्या आहेत. परंतु भाषेचा हक्क टिकतो तो तिच्यात होणाऱ्या रोजच्या लेखी व्यवहारामुळे, आणि हा व्यवहार गावच्या पंचायतीच्या खिडकीपासून सुरू होतो. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा यांसारख्या तालुक्यांत चार-पाच जणांना हाताशी धरून असे काम उभे करू पाहणाऱ्यांसाठी पुढील मजकूर लिहिला आहे.

आपला हक्क नेमका किती आहे, हे आधी काटेकोरपणे समजून घ्यावे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणी ही राजभाषा ठरली आणि त्याच कायद्यात सर्व किंवा कोणत्याही शासकीय प्रयोजनासाठी मराठीचाही वापर करण्याची तरतूद झाली. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर देण्याचे शासनाचे धोरणही आहे. शिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. एवढ्या तीन गोष्टी पाठ असल्या तरी पंचायतीपुरते भागते. मात्र ‘मराठी ही गोव्याची राजभाषा असल्यामुळे’ असे वाक्य निवेदनात कधीही घालू नये. मराठीला तो दर्जा मिळावा ही मागणी जुनी आहे आणि तिचा लढा वेगळा आहे. पण अर्जात एक चुकीचे विधान गेले की अधिकारी तेवढेच खोडून काढतो आणि मूळ मागणीला उत्तर देण्यातून सुटतो.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतानाही ही काळजी लागते. २००५ च्या त्या कायद्याचे कलम ६ इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राची राजभाषा एवढ्यांचाच उल्लेख करते. म्हणून मराठी अर्जाला हिंदीतील प्रत जोडावी, म्हणजे भाषेचे निमित्त करून तो परत पाठवण्यास जागा उरत नाही. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, आणि उत्तर न आल्यास किंवा न पटल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, हे वेळापत्रक घरातल्या कॅलेंडरवर मांडून ठेवावे.

आता खिडकीवरचा प्रसंग सांगतो. आमच्या वाड्यावरच्या वळणावरचा दिवा तीन आठवडे बंद होता, म्हणून मी चार ओळींचा मराठी अर्ज घेऊन एका पंचायतीत गेलो. कारकुनाने तो वाचला, दिवा कोणता ते त्याला लगेच समजले, आणि तरीही कागद माझ्याकडे सरकवत तो म्हणाला, “हें इंग्लिशींत बरोवन हाडा.” आम्ही दोघेही कोकणीत बोलत होतो, अर्ज मराठीत होता आणि मागणी इंग्रजीची होती. गोव्याचा भाषाप्रश्न एवढ्या थोडक्यात मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळालेला नाही. मी आवाज चढवला नाही. ‘मराठीत असल्यामुळे अर्ज स्वीकारला नाही’ एवढेच अर्जावर लिहून खाली सही करावी, अशी विनंती केली. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, आतल्या खोलीत जाऊन सचिवांना विचारून आला आणि शिक्का मारला.

हा उपाय दर वेळी चालतोच असे नाही. नकार कायम राहिला तर हुज्जत न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि तो पोहोचल्याची नोंद जपून ठेवावी. अर्ज नेहमी दोन प्रतींत असावा, एका अर्जात एकच विषय असावा, आणि शेवटच्या ओळीत ‘या अर्जाचे उत्तर मराठीतून मिळावे, ही विनंती’ असे स्पष्ट लिहावे, कारण मागितलेच नसेल तर इंग्रजी उत्तर आल्याची तक्रार लंगडी पडते. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड क्रमांक या तिन्ही गोष्टी आल्याखेरीज खिडकी सोडू नये. अर्जाची भाषाही साधी असावी. ‘पथदीप अप्रकाशित असल्याचे निदर्शनास आणून देण्यात येत आहे’ असले मराठी वाचून कोणालाही इंग्रजी सोपे वाटेल. ‘रस्त्यावरचा दिवा तीन आठवडे बंद आहे’ असे लिहिले की पुरते.

प्रत्येक अर्ज एका जाड वहीत नोंदवावा: तारीख, कार्यालय, विषय, इनवर्ड क्रमांक, उत्तर आले का, कोणत्या भाषेत आले आणि किती दिवसांनी. वर्षभरात तीस-चाळीस नोंदी झाल्या की कोणते कार्यालय मराठीत उत्तर देते, कोणते इंग्रजीत देते आणि कोणते देतच नाही, हे पान उलटताच दिसू लागते. ‘मराठीवर अन्याय होत आहे’ या वाक्याला अधिकारी सवयीने मान डोलावतात. अमुक कार्यालयाला अमुक महिन्यांत दिलेल्या इतक्या अर्जांपैकी इतक्यांना इंग्रजीतून उत्तर आले, आणि त्यांचे क्रमांक हे असे आहेत, असे सांगितले तर त्यांना ती फाईल मागवावीच लागते.

पंचायतीनंतर ग्रामसभा. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो, तेव्हा तेथे बोलायला कोणाची शिफारस लागत नाही. गोव्यात १९१ पंचायती आहेत. त्यांपैकी आपल्या एका पंचायतीत एक नीट शब्दांकित ठराव संमत करून घेणे हे पहिल्या वर्षासाठी पुरेसे उद्दिष्ट आहे. ठरावाचा मसुदा सभेच्या काही दिवस आधी लेखी द्यावा आणि तो साधारण असा असावा: ‘ग्रामसभेच्या नोटिसा, घरपट्टीची बिले व सूचनाफलकावरील जाहीर सूचना कोकणीबरोबरच मराठीतही काढाव्यात, आणि याबाबत केलेल्या कार्यवाहीची माहिती पुढील ग्रामसभेत द्यावी, अशी ही ग्रामसभा मागणी करीत आहे.’ मसुद्यातील ‘पुढील ग्रामसभेत’ हे शब्द गाळू नयेत, कारण मुदत नसलेला ठराव इतिवृत्ताच्या वहीत सुखाने झोपतो. सूचक म्हणून नेहमीच्या पुढाऱ्याऐवजी स्वयंसाहाय्य गटातील एखाद्या बाईंना उभे करावे; इंग्रजी नोटीस वाचून घेण्यासाठी शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते, हे त्या जितक्या सहज सांगतील तितके आपल्यातल्या वक्त्याला जमणार नाही. विषय लवकर घेण्याची विनंतीही आधीच करावी. भू-रूपांतर आणि मोठे गृहप्रकल्प निघाले की दुपारचा दीड वाजतो आणि भाषेच्या ठरावाला हात वर करायला तिघेच उरतात.

सभा संपली म्हणजे काम संपले असे समजू नये. पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचले जाते तेव्हा कान देऊन ऐकावे. आपला विषय ‘ठराव संमत’ असा नोंदला आहे की ‘मराठीविषयी चर्चा झाली’ असा, हे तेथेच कळते. दुसऱ्या प्रकारची नोंद असेल तर तिथल्या तिथे उभे राहून दुरुस्ती मागावी. दोन सभा उलटल्यावर ती दुरुस्ती होत नाही.

मसुद्यातील ‘कोकणीबरोबरच’ हा शब्दही तितक्याच विचाराने घातलेला आहे. राजभाषेच्या आंदोलनात १९८६ च्या अखेरीस कोकणीच्या बाजूचे सात जण प्राणास मुकले आणि त्या दिवसांची आठवण अनेक घरांत अजून ताजी आहे. कोकणीच्या जागी मराठी, अशी मागणी ज्या क्षणी ऐकू येते त्या क्षणी निम्मी सभा आपल्या विरोधात जाते. आणि खरे तर आपल्यातलेच बहुतेक जण घरी कोकणी बोलतात, देवळात मराठी अभंग म्हणतात आणि जत्रेला मराठी नाटक करतात. कोकणी ही मराठीची बोली आहे की नाही, हा वाद आपल्या बैठकीत कोणी काढलाच तर चहा मागवून तो तिथेच संपवावा.

या घरगुती गुंतागुंतीचा संबंध थेट आकड्यांशी येतो. २०११ च्या जनगणनेत गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे ६६.११ टक्के आणि मराठी सांगणारे १०.८९ टक्के होते. भाषिक अल्पसंख्याक कोण, हे राज्य हा घटक धरून ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै खटल्यात २००२ मध्ये सांगितले असल्यामुळे हा आकडा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. जनगणनेत मातृभाषा म्हणजे बालपणी आईने त्या व्यक्तीशी बोललेली भाषा, अशी व्याख्या असते आणि तिच्याखेरीज अवगत असलेल्या दोन भाषांची वेगळी नोंद होते. कोकणी बोलणाऱ्या घरांना ‘मातृभाषा मराठी लिहा’ असा सल्ला देणारे कार्यकर्ते मला भेटले आहेत, आणि तो सल्ला मला पटत नाही. तो खोटा आहे आणि शेजाऱ्याला तो लगेच कळतो. त्याऐवजी ज्यांची मातृभाषा मराठी आहे त्यांनी ती संकोच न करता सांगावी, आणि ज्यांची कोकणी आहे पण वाचन-लेखन मराठीत चालते त्यांनी अवगत भाषांत मराठीचे नाव आवर्जून घालावे, एवढेच वाड्यावर घरोघर जाऊन सांगावे. आगामी जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ही आहे, तेव्हा हे काम त्या आधी उरकलेले असावे.

जनगणनेच्या सी-१६ या तक्त्यात तालुकावार मातृभाषांचे आकडे मिळतात. ते पाहण्याचे कारण असे की, भाषिक अल्पसंख्याकांसाठी राज्यांनी मान्य केलेल्या संरक्षणांत, एखाद्या भागात अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के असतील तर महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे एक सूत्र आहे. राज्याची सरासरी कमी असली तरी एखादा तालुका ही रेषा ओलांडत असू शकतो. ही संरक्षणे म्हणजे न्यायालयातून थेट बजावून घेता येईल असा कायदा नव्हे. पण अनुच्छेद ३५०ब खाली १९५७ पासून काम करणाऱ्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तक्रार नेताना त्यांचाच आधार घ्यावा लागतो. आयुक्तांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेसमोर जातो, म्हणून त्यांना भावना न कळवता वहीतल्या नोंदी कळवाव्यात.

शाळेचे काम सर्वांत कष्टाचे आहे. १९९० पासून प्राथमिक स्तरावर अनुदान मिळत होते ते प्रादेशिक भाषांतील शाळांना. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते देण्याचा निर्णय झाला आणि त्यावर मोठे आंदोलन झाले. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या खटल्यात, शासन मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करू शकत नाही, असा निकाल दिला. त्यामुळे आता प्रश्न पालकांच्या पसंतीचा आहे आणि तो त्यांच्या ओसरीवर बसूनच सोडवावा लागतो. प्रवेश सुरू होण्याच्या तीन-चार महिने आधी वाड्यावरील तीन ते सहा वर्षांच्या मुलांची यादी करावी आणि दोघांनी, त्यांत एक बाई असावी, प्रत्येक घरी जावे. पालकांचा पहिला प्रश्न इंग्रजीचा असतो. त्याला मातृभाषेच्या गौरवाने उत्तर देऊ नये. शाळेत इंग्रजी कोण शिकवते, आठवड्याला किती तासिका होतात, गेल्या वर्षी चौथीतून गेलेली मुले आज कुठे आहेत, ही माहिती हाताशी ठेवून बोलावे. दुसरा प्रश्न बसचा असतो आणि त्याचे उत्तर आपल्याजवळ बहुधा नसते. ते तसे कबूल करावे आणि चार घरांनी मिळून रिक्षा ठरवता येते का, ते पाहावे.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि कलम २२ नुसार ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते. ही समिती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती असते. तिच्यात जाणते पालक आले तर शिक्षकाची रिकामी जागा, गळते छप्पर, उशिरा येणारी पुस्तके या गोष्टी आराखड्यात लेखी येतात आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांना त्यांची दखल घ्यावी लागते. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असल्यास अल्पसंख्य भाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, हेही वरील संरक्षणांपैकीच एक सूत्र आहे. पट कमी असल्याची नोटीस येण्याआधीच ते निवेदनात नमूद करून ठेवावे.

आमदारांकडे जाताना केवळ पाठिंबा मागू नये, तयार प्रश्न द्यावा. तालुक्यात मराठी प्राथमिक शाळा किती, पाच वर्षांत किती बंद झाल्या, शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, असा अतारांकित प्रश्न विधानसभेत विचारला गेला की खात्याला लेखी उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर आपल्या पुढच्या निवेदनाला जोडता येते. नोकरभरतीच्या जाहिरातींत ‘कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे इष्ट’ असे जे छापलेले असते, त्यातील ‘इष्ट’ या शब्दाला प्रत्यक्ष निवडीत काही वजन मिळते का, हेही असेच विचारून घ्यावे.

संस्था नोंदवण्याची घाई करू नये. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण पुरतात, पण नोंदणी झाली की अध्यक्ष कोण, या प्रश्नात पहिले वर्ष जाते. नाटकाच्या तालमीला जी मंडळी आपणहून जमतात त्यांच्यातूनच हे काम उभे राहते. तालीम संपल्यावर अर्धा तास वही उघडून बसले की झाले. वही मात्र एकट्याच्या ताब्यात देऊ नये. आमची पहिली वही ज्याच्याकडे होती तो मुलगा जहाजावर नोकरीला गेला आणि चवथीला परतला तेव्हा माळ्यावरच्या गळतीने तिची पाने एकमेकांना चिकटली होती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्या पानांची छायाचित्रे तिघांच्या मोबाइलवर जातात आणि शिक्का मारलेल्या प्रती देवळाच्या कचेरीतल्या पत्र्याच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या जातात.