खरिपातलं तण हटत का नाही? या चुका टाळा

तणनाशक मारलं तरी केना तसाच उभा आहे, ही तक्रार दर खरिपात ऐकू येते आणि सगळा दोष औषधावर जातो. बऱ्याचदा औषध ठीक असतं. चुकलेली असते ती वेळ, नाहीतर तणाची ओळख.

सोयाबीनमध्ये पेरणीनंतरचे साधारण १५ ते ४५ दिवस शेत तणमुक्त हवं. कपाशी सुरुवातीला सावकाश वाढते, म्हणून तिला पहिले ६० दिवस जपावं लागतं. तण गुडघ्याला लागल्यावर मजूर लावून रान साफ केलं तर ते दिसायला छान दिसतं, पण तोवर खताचा मोठा वाटा तणाने खाल्लेला असतो आणि तो परत मिळत नाही.

पेंडीमेथॅलिन हे तण उगवण्याआधी मारायचं तणनाशक आहे. पेरणीनंतर ४८ तासांच्या आत, ओल्या आणि ढेकळं फोडलेल्या जमिनीवरच ते मारायचं. कोरड्या रानात मारून पावसाची वाट बघणं म्हणजे पैसे वाया घालवणं. फवारल्यावर लगेच कोळपं (ओळींमधली माती हलवणारं अवजार) घातलं तर औषधाचा थर मोडतो आणि खालचं बी वर येऊन उगवतं.

तण उगवल्यावर मारायच्या इमॅझेथापायर या तणनाशकाबाबत उलटी चूक होते. "सगळं तण उगवू दे, मग एकदाच मारू" म्हणून थांबतात. तण २ ते ४ पानांवर असतानाच ते नीट मरतं. उशीर झाला म्हणून मात्रा वाढवू नका. सोयाबीन पिवळं पडून खुंटतं, आणि जमिनीत उरलेला अंश रब्बीच्या ज्वारी-मोहरीलाही बाधू शकतो.

आता ओळख. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण ते गवत नाही. दांडा दोन बोटांत फिरवून बघा, तीन कडा हाताला लागतात. क्विझालोफॉपसारखं फक्त गवतावर चालणारं औषध त्याला काहीच करत नाही. नुसता शेंडा उपटला तर खालच्या गाठींतून तो पुन्हा फुटतो. लव्हाळा आणि हराळी असलेल्या रानात रोटाव्हेटर फिरवणं तर टाळाच; गाठी आणि कांड्या तुटून सगळ्या शेतभर पसरतात. उन्हाळ्यात खोल नांगरट करून त्या वर आणायच्या आणि उन्हात वाळू द्यायच्या, हाच भरवशाचा मार्ग.

केना याहून चिवट. एक रोप मातीसकट अलगद उचलून बघा: मुळाजवळ पांढुरके फुटवे दिसतील. त्यांना जमिनीखालीच फुलं येतात आणि तिथेच बी धरतं. वरच्या निळ्या फुलांचं बी वेगळंच. खुरपलेला केना ओळीत टाकून दिला की पुढच्या पावसात प्रत्येक पेराला मुळ्या फुटतात. तो गोळा करून शेताबाहेर कोरड्या जागी वाळवलाच पाहिजे. या एका कामात कसूर केली तर आधीची सगळी खुरपणी फुकट जाते.

टारफुला हे ज्वारीच्या मुळांवर जगणारं तण. तो जमिनीवर दिसेपर्यंत त्याने मुळांतून रस शोषून नुकसान केलेलं असतं. तरीही फुलण्याआधी तो उपटाच. एका झाडाचं धुळीसारखं बारीक बी हजारोंनी पडतं आणि वर्षानुवर्षं जमिनीत जिवंत राहतं.

फवारणीतली सगळ्यात महागाची चूक पंपाची. २,४-डी हे तणनाशक मारलेल्याच पंपाने कपाशीवर कीटकनाशक मारलं की पानं अरुंद होऊन भेंडीच्या पानासारखी दिसायला लागतात. वरवर विसळून हा अंश जात नाही, म्हणून तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा. शेजारी कपाशी असेल तर वाऱ्यात २,४-डी फवारूच नका.

आणि बांध विसरू नका. तिथलं गाजर गवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट काढा. त्याने अंगाला खाज सुटते आणि काहींना दम्याचाही त्रास होतो. बांधावर बी धरू दिलं तर आतली मेहनत दरवर्षी नव्याने करावी लागते.