दुकानात, कारखान्यात बारकोड लावताय? आधी या चुका टाळा

बेळगावच्या रविवार पेठेतल्या होलसेल दुकानापासून निपाणीतल्या छोट्या मार्टपर्यंत आता सगळीकडं स्कॅनर दिसतोय, चांगलंच आहे, पण दोनेक महिन्यांत तेच गाऱ्हाणं सुरू होतं की मशीन नीट चालत नाही, स्टॉक जुळत नाही, काउंटरवरचा पोरगा परत हातानं बिल करायला लागलाय. खरं सांगायचं तर स्कॅनर क्वचितच बिघडलेला असतो. घोळ असतो तो लेबलात, नाहीतर कॉम्प्युटरमध्ये भरलेल्या माहितीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आयटमची यादी साफ न करता स्कॅनर आणणं. आपल्याकडं तर हे हमखास होतं कारण काउंटरवर तीन भाषा चालतात. कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, पाव किलोचा बॉक्स एकानं मराठीत ‘कुंदा पाव किलो’ म्हणून टाकला, दुसऱ्यानं इंग्रजीत, तिसऱ्यानं कन्नडमध्ये, झाली एकाच मालाची तीन खाती, मग खरेदी एका खात्यात चढते, विक्री दुसऱ्यातून उतरते आणि एक खातं मायनसमध्ये तर दुसऱ्यात कधीच न विकलेला माल दिसतो. भाषा कुठलीही ठेवा पण एकच ठेवा, वजन लिहायची पद्धत ठरवून टाका, आणि नवीन आयटम उघडायचं काम एकाच माणसाकडं द्या. चार दिवस जातील यात. जाऊ द्या.

दुसरं, बारकोडमध्ये किंमत असते असं पुष्कळ जण धरून चालतात. नसते. पाकिटावरच्या त्या १३ आकड्यांत फक्त मालाची ओळख असते, शेवटचा आकडा वाचन बरोबर झालं का ते तपासायला, किंमत येते ती तुमच्या कॉम्प्युटरमधून. कंपनीनं एमआरपी वाढवली तरी कोड बऱ्याचदा तोच राहतो, त्यामुळं जुना आणि नवा माल एकाच रॅकवर असला की जुन्या पाकिटावर नवी किंमत लागते. छापील एमआरपीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे आणि गिऱ्हाईक भांडतं ते वेगळंच. सॉफ्टवेअरमध्ये एमआरपीवार बॅच चालू करून घ्या, म्हणजे जुन्या आणि नव्या किमतीचा माल वेगवेगळा राहील.

आणि ८९० नं सुरू होणारे नंबर स्वतःच्या मनानं बनवू नका. ते नंबर जीएस१ इंडिया ही बारकोडचे नंबर वाटणारी संस्था देते, उद्या तुमचा मनानं बनवलेला नंबर खऱ्या कंपनीच्या मालाशी धडकला की बिलात भलतंच नाव येणार. दुकानातल्या दुकानात वापरायला २० ते २९ नं सुरू होणारे नंबर राखून ठेवलेलेच आहेत, सुट्या डाळीला, वजनाच्या मिठाईला ते वापरा. माल पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये पाठवायचा असेल तर मात्र रीतसर नंबर घ्याच.

काउंटरवरची एक सवय तर आजच मोडा. गिऱ्हाईकानं एकाच कंपनीचे सहा साबण आणले, तीन चंदनाचे, तीन लिंबाचे, दर सारखाच, म्हणून पोरगा चंदनाचा एक स्कॅन करतो आणि क्वांटिटी ६ मारतो. पैसे बरोबर येतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण चंदनाचा स्टॉक तीननं कमी आणि लिंबाचा तीननं जास्त दिसायला लागतो, असं रोज घडलं की महिन्याअखेरीला मोजदाद करणाऱ्याचं डोकं फिरतं. वेगळा प्रकार, वेगळा स्कॅन. बाहेरच्या खोक्यावरचा १४ आकडी कोडही पीस म्हणून जोडू नका, एका खोक्यात किती नग ते आधी भरा.

आता लेबल. साध्या थर्मल लेबलला शाई नसते, उष्णतेनं कागदच काळा होतो, म्हणून ऊन, तूप, तेल लागलं की छपाई उडते. मिठाईच्या बॉक्सला आणि लोणच्याच्या बाटलीला थर्मल ट्रान्सफर लेबल, म्हणजे शाईच्या रिबननं छापलेलं, लावा. अरुंद गोल बाटलीवर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या येतील असं चिकटवा, नाहीतर कडेच्या रेघा वळणाआड जातात. साडीच्या बॉक्सवर शोभेसाठी लाल रेघांचा बारकोड छापतात, तो तर नकोच, बरेच स्कॅनर लाल उजेड टाकतात आणि त्या उजेडात लाल रेघ पांढरीच दिसते. कोडच्या दोन्ही बाजूंची कोरी जागाही डिझाइनवाल्याला खाऊ देऊ नका.

लेबलवर सलग एक बारीक पांढरी रेघ येत असेल तर प्रिंटर बंद करा, छपाईचं हेड थंड होऊ द्या आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. तरी रेघ राहिली तर हेडमधला छपाई करणारा एखादा ठिपकाच बिघडलाय.

स्कॅन केल्यावर भलतीच अक्षरं येतायत? कीबोर्डची भाषा बघा. यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो, विंडोज मराठी किंवा कन्नडवर राहिलं असेल तर इंग्रजी अक्षरांचा कोड त्या लिपीत उमटतो. कोड येतो पण पुढं सरकत नाही, तेव्हा स्कॅनरच्या पुस्तिकेतला एंटर जोडायचा कोड स्कॅन करा. एक्सेलमध्ये यादी करताना कोडचा कॉलम आधीच टेक्स्ट करा, नाहीतर पुढचं शून्य उडतं आणि १३ आकड्यांच्या जागी ‘8.9E+12’ असलं काहीतरी दिसतं, तीच फाइल सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, म्हणून सेव्ह केली की मूळ नंबर गेलाच.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीवाल्यांना आरएफआयडीचं, म्हणजे रेडिओ लहरींनी लांबून वाचता येणाऱ्या टॅगचं, आकर्षण आहे. कोगनोळी, हत्तरगीच्या टोलवर फास्टॅग लांबून वाचला जातो म्हणून कास्टिंगवरही, म्हणजे ओतीव लोखंडी भागावरही, तसाच वाचला जाईल असं वाटतं, पण तिथं टॅग काचेवर असतो, लोखंडावर थेट चिकटवलेला साधा टॅग बहुतेक वेळा मुकाच राहतो. धातूसाठीचे टॅग वेगळे मिळतात, महाग असतात. कास्टिंगवर कायमची खूणच हवी असेल तर डॉट पीन (टोकदार पिननं ठिपके ठोकणारं मशीन) किंवा लेसरनं डेटा मॅट्रिक्स हा ठिपक्यांचा चौकोनी कोड कोरणं जास्त टिकतं, शॉट ब्लास्टिंग (छर्रे मारून केलेली सफाई) झाल्यावर कोरा, आधी कोराल तर पुसट होईल. सप्लायरचा डेमो त्याच्या ऑफिसात बघू नका, तुमच्या शेडमध्ये, तेल लागलेल्या कास्टिंगवर, दोन शिफ्ट चालवून घ्या आणि मगच ऑर्डर द्या.