घरी हॅम (हौशी रेडिओचा) अँटेना बनवताय? या चुका टाळा, नाहीतर पहिल्याच पावसात रडाल

दोन वर्षांमागचा जुलै. फोंड्यात पाऊस नुसता धो धो, आणि माझ्या 40 मीटर बँडच्या (म्हणजे 7 मेगाहर्ट्झच्या) डायपोलचा, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन हातांच्या तारेच्या अँटेनाचा, एसडब्ल्यूआर (पॉवर किती परत येते ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे काहीच परत नाही), जो मे महिन्यात 1.6 होता, तो मी हात पण न लावता 1.1 वर आलेला. मला वाटलं जमीन ओली झाली म्हणून सुधारला असेल, म्हटलं देवच पावला. आठवडाभर खुशीत सीक्यू सीक्यू (कोणी ऐकतंय का?) करत बसलो आणि उत्तर द्यायला कोणी नाही, रत्नागिरी-कोल्हापूरवाले रोजचे आवाज पण एकदम बारीक झालेले. शेवटी केबल खाली उतरवून कनेक्टर उघडला तर आतून पाणी टपकलं, आणि केबलमधली तारांची जाळी बघितली तर काळी-हिरवी, हातात घेतली की भुगा.

म्हणजे झालं काय होतं, तर पॉवर अँटेनाला पोचतच नव्हती, केबलमध्येच जिरत होती. परत येणारी पण वाटेतच जिरत होती, त्यामुळे मीटर खूश. मीटर फक्त परत किती आलं तेवढंच मोजतो हो, बाकीची हवेत गेली की पाण्यात गेली त्याला काय पडलंय! डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा नुसता रेझिस्टर) पण 1:1 दाखवतो, त्याच्यावर कोण कोणाशी बोललाय?

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की एसडब्ल्यूआर कमी म्हणजे अँटेना चांगला असं समजणं. पावसाळ्यात आकडा आपोआप सुधारला तर आधी केबलवर संशय घ्या. तपासायची पद्धत सोपी आहे: वरचं टोक अँटेनापासून सोडवून तसंच उघडं ठेवायचं आणि खालून नॅनोव्हीएनए, म्हणजे एसडब्ल्यूआर मोजायचं छोटं यंत्र, लावायचा (रेडिओने ट्रान्समिट करू नका, फायनल म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातील). टोक उघडं असताना एसडब्ल्यूआर भरपूर जास्त यायला पाहिजे. 3 आला तर समजा एका बाजूचा लॉस 3 डीबी, म्हणजे अर्धी पॉवर वाटेतच गेली. 25 मीटर नव्या आरजी-58 ला (बारीक कोॲक्स, म्हणजे मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली केबल) 7 मेगाहर्ट्झवर एक डीबीच्या आसपास लॉस असतो, तेवढा चालतो. पण तीच केबल 145 मेगाहर्ट्झवर (टू मीटर बँड) साधारण 5 डीबी खाते, हँडीचे (हातात धरायच्या रेडिओचे) 5 वॉट वर जाईपर्यंत दीड वॉट उरतात, आणि आपण गच्चीवर अँटेना आणखी उंच कसा करायचा याचा विचार करत असतो! टू मीटरला केबल लांब जाणार असेल तर आरजी-213 घ्या, जड आहे, महाग आहे, पण घ्या.

पाणी आत जाऊ नये म्हणून लोक काळी इन्सुलेशन टेप गुंडाळतात. आपल्या उन्हात ती मेमध्येच सुटते आणि तिचा गोंद चिकट होऊन हाताला लागतो, बस, तेवढाच तिचा उपयोग. आधी ताणून लावायची सेल्फ अमाल्गमेटिंग टेप, खालून वर गुंडाळत जायची म्हणजे कौलांसारखे थर बसतात, तिच्यावर साधी टेप उन्हापासून वाचवायला. डायपोलच्या मधल्या जोडावर, जिथे कोॲक्स फोडून दोन तारांना जोडतो तिथे, एम-सील किंवा इपॉक्सी ओतून गच्च बंद करा, कारण जाळी ही वातीसारखी पाणी ओढते. आणि केबल खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक झोळ द्या, थेंब तिथून गळून जातील. माझ्या एका ओळखीच्याने झोळ दिला नाही, पाणी केबलवरून सरळ टेबलावर, रेडिओ वाचला, वही गेली.

आता लांबी. सूत्र सगळ्यांना पाठ असतं, 142.5 भागिले मेगाहर्ट्झ, 7.1 ला 20 मीटर, म्हणजे एकेक हात 10 मीटर. तरी लोक चुकतात. कोणी 20-20 मीटरचे दोन हात कापतो. कोणी केबलचा 0.66 वाला व्हेलॉसिटी फॅक्टर (केबलमधला वेग प्रकाशाच्या किती पट तो आकडा) तारेला पण लावतो, मग 13 मीटरचा डायपोल होतो जो 10 मेगाहर्ट्झच्या पुढे कुठेतरी लागतो आणि हा बसतो डोकं खाजवत. प्लास्टिकचं आवरण असलेली घरच्या वायरिंगची तार वापरली तर थोडी कमीच लांबी लागते, पण म्हणून आधीच कमी कापू नका. दोन्ही टोकांना 30-40 सेंमी जास्त ठेवा, वर चढवा, मोजा, फ्रिक्वेन्सी खाली लागली तर टोक मागे दुमडून तारेलाच गुंडाळा. 40 मीटरला दोन्हीकडे 10-10 सेंमी कमी केली की साधारण 70 किलोहर्ट्झ वर सरकतं. कापलेली तार परत वाढत नाही, जोड मारलात तर आपल्या खाऱ्या हवेत तो जोडच पहिला जाणार.

खारी हवा म्हटल्यावर आठवलं, माझा आत्तेभाऊ काणकोणला समुद्राजवळ राहतो. त्याने मेझरिंग टेपच्या पट्ट्या कापून टू मीटरची यागी (एका दिशेला रोखायचा दांड्यांचा अँटेना) केली, स्पेस स्टेशन 145.800 वर ऐकायला. एक तर टेपवरचा पिवळा रंग न खरवडताच सोल्डर केलं, त्यामुळे सिग्नल कधी असे कधी नसे, आणि दुसरं म्हणजे वापर झाला की गच्चीवरच ठेवून दिली. एका पावसाळ्यात सगळ्या पट्ट्या गंजून तुटल्या. ही यागी हातात धरून वापरायची आणि घरात आणून ठेवायची वस्तू आहे. कायमची लावायची असेल तर ॲल्युमिनियम नळी आणि स्टेनलेसचे स्क्रू. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमवर आवळू नका, मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला, नाहीतर मीठ-पाणी लागून ॲल्युमिनियम पांढरं भुसभुशीत होतं.

बलूनबद्दल (डायपोल आणि केबल यांच्या मधल्या जोडणीच्या भागाबद्दल) थोडक्यात. माइक ओठाला चावतो (बारीक शॉक लागतो), केबल हातात धरली की एसडब्ल्यूआर बदलतो, ही लक्षणं दिसली म्हणजे केबलची बाहेरची बाजूच अँटेना झालीय. फीड पॉइंटला, म्हणजे केबल तारांना जोडतो तिथे, हे अडवणारा चोक पाहिजे, एफटी240-43 या फेराइट रिंगवर कोॲक्सचे 10-12 वेढे. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग फुकट मिळते म्हणून वापरू नका, ती या कामाची नाही.

पत्र्याचा विषय मात्र आपल्याकडे खास. गच्चीवर पावसाळ्यासाठी शेड सगळ्यांनीच मारलेली असते आणि डायपोल त्या पत्र्यावर हातभर उंचीला ताणतात, मग विचारतात ऐकू का येत नाही. सात मेगाहर्ट्झला सात-आठ मीटर उंची मिळाली तरी गोवा-महाराष्ट्र मस्त होतं, सिग्नल सरळ वर जाऊन खाली येतो, पण खाली पत्रा एवढा जवळ नको.

विजेबाबत मस्करी नको. मे अखेर आणि ऑक्टोबरात गडगडाट व्हायच्या आधीच केबल काढून घराबाहेर टाका, काढून टेबलावर ठेवणं म्हणजे न काढल्यासारखंच. चिऱ्याच्या कोरड्या जमिनीत एक सळी ठोकली की अर्थिंग झालं असं धरून चालू नका. आणि तार अशा ठिकाणी ताणा की तुटली तरी विजेच्या लाइनवर पडणार नाही, लाइनवरून तर फेकायचीच नाही.

राहिली दोरी. भाटात (माडांच्या बागेत) दोन माड बरोबर 25 मीटरवर दिसले की कोणालाही मोह होतो, मलाही झाला. सुंभाने दोन्हीकडे गच्च बांधलं. वाऱ्यात दोन माड दोन दिशेला डोलतात हे लक्षातच आलं नाही, जूनच्या पहिल्या वादळात तार तुटली, परत बांधली तर वरून चुडत (माडाची झावळी) पडून तुटली. सुंभ कुजतं, आणि भिजलं की तारेच्या टोकाला इन्सुलेटर नसेल तर ट्यूनिंग पण हलवतं. आता एका बाजूला मच्छीमारांची जाड दोरी कप्पीतून घेऊन तिला पाण्याची पाच लिटरची बाटली लटकवलीय, माड डोलला की बाटली वर-खाली होते, तार शाबूत. कप्पी बांधायला मी स्वतः चढलो नाही, तुम्हीही चढू नका. पाडेली नारळ पाडायला आला तेव्हा त्यालाच सांगितलं, त्याने पाच मिनिटांत बांधून दिली आणि खाली उतरून विचारलं, ह्याच्यावर मॅच दिसते काय?