ब्रँडचं काम शिकायचंय? आधी नागपूरच्या इतवारी बाजारात चक्कर मारा

मार्केटिंग घेऊन एमबीए करणाऱ्या मुलामुलींच्या डोक्यात ब्रँड म्हणजे लोगो, जाहिरात आणि इन्स्टाग्राम असतं. नोकरीच्या पहिल्या तीन महिन्यांत हातात पडतात ते डिस्ट्रिब्युटरचे डॅमेज मालाचे क्लेम, पाकिटाच्या आर्टवर्कची चौथी प्रूफ आणि एक्सेलची शीट. यात निराश होण्यासारखं काही नाही. ग्राहकाला दर वेळी तीच वस्तू, त्याच चवीची, त्याच ओळखीच्या रूपात मिळणं म्हणजे ब्रँड, आणि ते सांभाळण्याची कामं ही अशीच असतात.

सुरुवात हिशेबापासून करा. समजा चिवड्याच्या पाकिटाची एमआरपी ५० रुपये आहे. दुकानदार त्यातले ८ ठेवतो, डिस्ट्रिब्युटर ३. उरले ३९. नमकीनवरचा जीएसटी ५ टक्के. तो वजा केला की कंपनीकडे साधारण ३७ रुपये येतात. पोहे, तेल, शेंगदाणे, पाकीट, मजुरी, वाहतूक सगळं यातूनच. मार्जिनचे हे आकडे उदाहरणापुरते घेतलेत, मालागणिक ते बदलतात. पण शेवटी जाहिरातीसाठी पाकिटामागे २ रुपये उरले आणि महिन्याला १०,००० पाकिटं गेली, तर तुमचं महिन्याचं बजेट २०,००० रुपये आहे. व्हरायटी चौकात होर्डिंग लावायची कल्पना इथेच गळून पडते. ती आधीच गळावी, मीटिंगमध्ये नको.

मग बाजार. एकच वस्तू निवडा, समजा २०० ग्रॅम शेव, आणि ४० दुकानं फिरा. इतवारी-मस्कासाथचे ठोकवाले, धरमपेठ-सदरची मोठी दुकानं, मानेवाडा-हुडकेश्वरकडची गल्लीतली किराणा दुकानं, असं मिसळून. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी वहीत टिपा: माल आहे का, कोणत्या फळीवर आहे, सगळ्यात जुन्या पाकिटावरची तारीख कोणती, आणि कंपनीचा माणूस शेवटचा कधी आला होता. ४० पैकी २६ दुकानांत माल सापडला तर न्यूमरिक डिस्ट्रिब्युशन ६५ टक्के. पण खरी गोष्ट तारखेत असते. चार महिने टिकणारं पाकीट तीन महिन्यांचं होऊन फळीवरच बसलं असेल, तर माल दुकानात ढकलला गेलाय, गिऱ्हाईक उचलत नाहीये. दुकानदार सरळ सांगतो, “भाऊ, माल निघूनच नाही राहिला.” कंपनीने डिस्ट्रिब्युटरला विकलेला माल म्हणजे प्रायमरी, डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला विकलेला सेकंडरी. महिनाअखेरीला टार्गेटसाठी प्रायमरी फुगते आणि दोन महिन्यांनी तोच माल एक्स्पायरी होऊन परत येतो. नवख्याने फक्त प्रायमरीचा आलेख पाहून “ब्रँड वाढतोय” असं म्हणू नये.

स्कीम हे दुसरं दुखणं. “१२ वर १ फ्री” ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात १३ नगांना १२ चे पैसे, म्हणजे ७.७ टक्के सूट. एकदा दिली तर ती स्कीम. सहा महिने सलग दिली की दुकानदाराच्या लेखी तोच भाव होतो, आणि बंद केल्या दिवशी ऑर्डर थांबते. शिवाय ठोकवाला फ्री नगांच्या जोरावर भाव पाडतो, तुमचाच माल तुमच्या डिस्ट्रिब्युटरपेक्षा स्वस्तात विकतो, आणि डिस्ट्रिब्युटर एजन्सी सोडायची भाषा करू लागतो. म्हणून स्कीमला शेवटची तारीख हवी आणि दोन स्कीममध्ये कोरडा काळ हवा.

नावाचं काम, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणी, बहुतेक जण शेवटी करतात, तेही डिझायनरला पैसे देऊन झाल्यावर. उलटं करा. ट्रेडमार्क कायदा १९९९ चा. वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत आणि फी वर्गागणिक लागते. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाचे ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. चिवडा वर्ग ३० मध्ये, बटाट्याचे चिप्स २९ मध्ये, रेस्टॉरंट ४३ मध्ये. तिन्ही हवे तर १३,५०० रुपये. अर्जाआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर उच्चारावरूनही शोध घ्या, कारण स्पेलिंग बदलून उच्चार तोच राहिला तर आक्षेप येतोच. रजिस्ट्रीचा परीक्षण अहवाल आला की उत्तराला एक महिना मिळतो. पुढे ट्रेडमार्क जर्नलमध्ये नाव प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लिहा; गोलातला आर, म्हणजे नोंदणीकृत असल्याची खूण, नोंदणीआधी छापणं बेकायदा आहे आणि हौशी डिझायनर तो हमखास टाकतात.

मालाचं वर्णन करणारं नाव पदरी पडत नाही. “सावजी” हा इथल्या झणझणीत जेवणाचा शब्द गावातल्या शेकडो पाट्यांवर आहे. नुसत्या त्यावर तुम्ही वेगळे ओळखू येणार नाही. “नागपुरी संत्रा” तर २०१४ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीत आहे, तो या भागातल्या उत्पादकांचा सामाईक वारसा आहे, एखाद्या कंपनीचा ब्रँड नव्हे. हे विषय नीट शिकायचे तर राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्या सिव्हिल लाइन्समध्येच आहे. मार्केटिंगच्या मुलांना बहुधा तिचा पत्ताही ठाऊक नसतो.

पाकिटाकडे वेळ द्या, कारण इथली चूक हजारो नगांवर छापली जाते. ग्रॅव्हर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, म्हणून आठवा रंग म्हणजे नुसता रंग नाही, खर्च आहे. स्क्रीनवरचा भगवा छपाईत विटकरी निघतो. मंजुरी स्क्रीनवर देऊ नका, छापील नमुन्यावर द्या. देवनागरी मजकुराचे फॉन्ट आउटलाइनमध्ये (अक्षरांच्या आकृतीत) बदलून पाठवा, नाहीतर प्रेसच्या संगणकावर जोडाक्षरं फुटतात. “स्वादिष्ट”चं काहीतरी भलतंच होतं आणि ते प्रेसवाल्याच्या लक्षात येत नाही. बारकोडच्या रेघा गडद, पार्श्वभूमी फिकट. लाल रेघा स्कॅनरला दिसतच नाहीत, कारण त्याचा उजेडच लाल असतो. १३ अंकी बारकोडचा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर, जागा नाही म्हणून ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नका. निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक तक्रारीचा संपर्क, १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक, शाकाहाराचं हिरवं चिन्ह: ही यादी डिझायनरवर सोडू नका, सही तुमची असते.

ब्रँडची जागा ठरवणं, म्हणजे पोझिशनिंग, हे पुस्तकातलं सर्वांत आवडतं प्रकरण. नागपूरशी जुनं नातं असलेल्या विकोचं उदाहरण अभ्यासा. टर्मरिक क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा अबकारी कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. जाहिरातीत सांगितलेली ओळख परवान्यात, घटकांत आणि लेबलवरही तीच होती. तुमची जाहिरात एक म्हणते आणि लेबल दुसरं, असं असेल तर पोझिशनिंग कागदावरच राहतं. हल्दीराममध्ये वेगळा धडा आहे: एकच नाव, पण नागपूर आणि दिल्लीचे व्यवसाय कित्येक वर्षं वेगळे, आणि दोघांचा पाकीटबंद खाद्यपदार्थांचा धंदा २०२५ मध्ये एकत्र आला. नाव कोणाचं, कुठल्या प्रदेशात, कुठल्या मालासाठी, हे लिहून ठेवलेलं नसेल तर पुढच्या पिढीला वकील लागतात.

थंड मालाचं गणित आपल्याकडे आणखी कडक. आईस्क्रीम उणे १८ अंशांवर राहिलं पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यात वीज जाते, किंवा दुकानदार रात्री फ्रीजर बंद करतो. वितळून पुन्हा गोठलेल्या कपात बर्फाचे खडे होतात आणि शिव्या दुकानाला नाही, झाकणावरच्या नावाला पडतात. अशा कंपनीत ब्रँडच्या माणसाने फ्रीजरचं थर्मामीटर जाहिरातीपेक्षा जास्त वेळा पाहावं.

शिक्षणाचं थोडक्यात. २०१५ चं आयआयएम, आयएमटी, सिम्बायोसिस, दीक्षाभूमीजवळचं आंबेडकर इन्स्टिट्यूट, असे पर्याय गावातच आहेत. पण मोठ्या एफएमसीजी (रोजच्या वापराच्या वस्तूंच्या) कंपन्यांच्या ब्रँड टीम प्रामुख्याने मुंबई, गुरुग्राम, बंगळूरुला बसतात, आणि तिथेही नवख्याला आधी सेल्समध्ये पाठवतात. नागपुरात मिळेल ती एरिया सेल्स किंवा ट्रेड मार्केटिंगची (दुकानदारांपर्यंतच्या मार्केटिंगची) नोकरी, नाहीतर बुटीबोरी-हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यात “मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह”, जिथे पाकीट, स्कीम, डिस्ट्रिब्युटर आणि दिवाळी गिफ्ट बॉक्स सगळं एकाच माणसाकडे असतं. शिकण्यासाठी ही दुसरी जागा बरी; पगार मात्र आधी नीट विचारून घ्या.

मुलाखतीला जाताना त्या कंपनीच्या एका वस्तूसाठी केलेला ४० दुकानांचा तक्ता एका पानावर न्या: किती दुकानांत माल सापडला, सगळ्यात जुनी तारीख कोणती, शेजारच्या फळीवर कोण बसलंय. तारखेच्या रकान्यात दुकानाचं नाव न लिहिता फक्त भाग लिहा, नाहीतर सेल्सवाल्याची चुगली केल्यासारखं होतं.